पायऱ्यांना क्रमांक द्यायचे की नाही? एसओपी लिहिताना हे ठरवायची पद्धत

एसओपी (स्टँडर्ड ऑपरेटिंग प्रोसीजर), म्हणजे एखादं काम पायरीपायरीने कसं करायचं ते सांगणारा कागद, लिहिणारे बहुतेक जण क्रमांकांचा विचार सगळ्यात शेवटी करतात. मजकूर लिहून होतो, तो सगळा सिलेक्ट करून क्रमांकांच्या यादीचं बटण दाबलं जातं, आणि काम झालं असं वाटतं. मग त्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर कृती असते, चौथ्यावर नुसती माहिती, पाचव्यावर इशारा आणि सहाव्यावर "वरील काम करण्यापूर्वी बॅकअप घेतलेला असावा" हे वाक्य. काम करणारा सहाव्या क्रमांकावर पोचतो तेव्हा तिसरी पायरी होऊन गेलेली असते.

क्रमांक म्हणजे वाचणाऱ्याला दिलेला शब्द असतो. हे याच क्रमाने करा, एका क्रमांकात एकच काम आहे, आणि अडलात तर नुसता क्रमांक सांगा, एवढं सगळं तो बोलतो. हे खरं असेल तिथे क्रमांक द्या, खरं नसेल तिथे देऊ नका. खालचे आठ टप्पे क्रमानेच करायचे आहेत. पहिला गाळून दुसऱ्यावर गेलात तर ठरवण्यासारखं हातात काही नसेल.

टप्पा १: आधी काम करा, मग लिहा

आठवणीतून लिहिलेल्या एसओपीत नेमक्या सवयीच्या गोष्टी गळतात. हात ज्या गोष्टी आपोआप करतो त्या लिहिताना सुचतच नाहीत: मधेच आलेल्या खिडकीत "ठीक आहे" दाबणं, दिवा हिरवा होईपर्यंत थांबणं, ॲडमिन म्हणून लॉगइन करणं. म्हणून काम प्रत्यक्ष समोर घ्या. एक कृती झाली की थांबा आणि एका ओळीत तीन गोष्टी टिपा: काय केलं, त्यानंतर काय दिसलं, आणि किती वेळ थांबावं लागलं.

या कच्च्या यादीत क्रमांक अजिबात टाकू नका. क्रमांक पडले की यादी पक्की वाटायला लागते आणि मधे एखादी ओळ घालायचा कंटाळा येतो. स्प्रेडशीटच्या ओळी किंवा कागदाचे छोटे तुकडे उत्तम, कारण ते वरखाली हलवता येतात. पुढच्या टप्प्यात ते हलवावे लागणारच आहेत.

तपासा: यादीत "थांबा" किंवा "वाट पाहा" एकदाही आलं नसेल, तर बहुधा काहीतरी सुटलंय. काम पुन्हा करा, या वेळी फक्त यादी वाचून.

टप्पा २: क्रमांक हवा का, हे तीन प्रश्नांनी ठरवा

पहिला प्रश्न अदलाबदलीचा. शेजारच्या दोन ओळी उलटसुलट करा आणि काम बिघडतं का ते पाहा. दूरच्या सर्व्हरवर पासवर्डने लॉगइन बंद करून फक्त की-ने (पासवर्डऐवजी वापरायच्या डिजिटल किल्लीने) लॉगइन ठेवायचं आहे, असं धरा. कच्च्या यादीत या ओळी आहेत: की तयार करा, सार्वजनिक की सर्व्हरवर ठेवा, पहिली खिडकी उघडीच ठेवून दुसऱ्या खिडकीतून की-ने लॉगइन होतंय का पाहा, सेटिंगमध्ये पासवर्ड लॉगइन बंद करा, सेवा पुन्हा सुरू करा, नव्या खिडकीतून परत लॉगइन करून पाहा, आणि मगच पहिली खिडकी बंद करा. यातली तिसरी आणि चौथी ओळ उलटी केली, सेवा पुन्हा सुरू झाली आणि की नीट बसलेलीच नसली, तर नवं लॉगइन होणार नाही. उघडी खिडकी चुकून बंद झाली की दूरवरून आत जायचा तो रस्ताच संपला. इथे क्रमांक हवेतच.

आता त्याच सर्व्हरवर टाइम झोन लावणं, होस्टनेम (सर्व्हरचं नाव) बदलणं आणि दोन-चार युटिलिटी टाकणं ही कामं घ्या. कुठलंही आधी केलं तरी सहसा फरक पडत नाही. त्यांना १, २, ३ दिलं तर वाचणाऱ्याला नसलेला क्रम दिसतो. एक काम अडलं की तो बाकीचीही थांबवून बसतो, कारण "तिसरं झाल्याशिवाय चौथं कसं करणार?" इथे साधे बुलेट द्या.

दुसरा प्रश्न बोट ठेवण्याचा. कुणी फोनवर "कुठे अडलात?" असं विचारणार आहे का? नोंदवहीत "इथवर झालं" असं लिहायचं आहे का? तसं असेल तर क्रमाला महत्त्व नसतानाही क्रमांक उपयोगी पडतो. पण मग यादीच्या वर एक वाक्य लिहाच: "ही कामं कोणत्याही क्रमाने केली तरी चालतील, क्रमांक फक्त उल्लेखासाठी आहेत." हे वाक्य गाळणारे फार आहेत, आणि ते गाळलं की क्रमांक खोटं बोलू लागतो.

तिसरा प्रश्न खंडाचा. काम मधेच सोडून परत यावं लागेल का? यंत्राजवळून उठून स्क्रीनकडे, स्क्रीनकडून परत यंत्राकडे असं चालत असेल, तर नजरेला परत यायला खूण लागते. अनेक अणुवीज केंद्रांत छापील कार्यपद्धतीवर पायरी सुरू करताना तिच्या क्रमांकाभोवती गोल करतात आणि ती पूर्ण झाली की त्यावर तिरकी रेघ मारतात. क्रमांकच नसेल तर गोल कशाभोवती करणार?

तिन्ही प्रश्नांना "नाही" असं उत्तर आलं, तर क्रमांक नकोत.

काही ठिकाणी विचार करायचीही गरज नाही. एकच कृती असेल तर तिला "१" देऊ नका, वाचणारा "२" शोधत राहतो. अवजारांची यादी आणि पर्यायांची यादी, म्हणजे "यांपैकी एक करा", यांनाही क्रमांक नकोत. पर्यायांना क्रमांक दिले की लोक ते सगळे एकामागून एक करून मोकळे होतात.

चेकलिस्टचं मात्र वेगळं आहे, आणि तिथे गोंधळ फार होतो. एसओपी काम कसं करायचं ते सांगते. चेकलिस्ट काम झालंय की नाही हे विचारते आणि ते काम आधीच येत असलेल्या माणसासाठी असते. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ची शस्त्रक्रियेची चेकलिस्ट पाहा. तिचे तीन भाग आहेत: भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहातून बाहेर जाण्याआधी. खरं महत्त्व या तीन थांब्यांच्या क्रमाला आहे. आतल्या मुद्द्यांपुढे खूण करायच्या चौकटी आहेत. तुमची यादी चेकलिस्ट असेल तर तुम्हीही चौकटी द्या.

टप्पा ३: पायरी नसलेलं सगळं यादीबाहेर काढा

आता उरलेल्या ओळींपैकी प्रत्येकीला विचारा: ही वाचून माणूस हाताने काही करणार आहे का? नसेल तर तिला क्रमांक मिळणार नाही.

पूर्वतयारी सगळ्यात आधी बाहेर काढा. कोणती अवजारं, कोणते पासवर्ड, कोणाची परवानगी, किती वेळ लागेल, काम अर्धवट सोडलं तर काय होईल हे सगळं "सुरू करण्यापूर्वी" या मथळ्याखाली बुलेटमध्ये येऊ द्या. बॅकअप आधीपासून असणं गृहीत असेल तर ती पूर्वतयारी. याच कामात तो घ्यायचा असेल तर ती पायरी, आणि तिला क्रमांक हवा. दोन्हींच्या मधे लटकलेला "बॅकअप घेतलेला असावा" कुणीच घेत नाही.

कारणमीमांसाही बाहेर. "ही सेवा पार्श्वभूमीत चालते" हे पायरीखाली क्रमांकाविना, थोडं आत सरकवून लिहा. तेही खरंच लागत असेल तरच.

इशारा: "सिस्टीम आता रीस्टार्ट होईल" याला स्वतंत्र क्रमांक देऊ नका. तो आधीच्या पायरीचा परिणाम आहे. त्याला क्रमांक दिला की वाचणारा स्वतः रीस्टार्टचं बटण शोधायला लागतो.

टप्पा ४: "करून-करून"ची साखळी तोडा

मराठीत एसओपी लिहिताना सगळ्यात जास्त पायऱ्या इथे हरवतात, म्हणून या टप्प्याला वेळ द्या. आपल्या भाषेत "ऊन" प्रत्ययाने हवी तेवढी कामं एका वाक्यात ओवता येतात. गोष्ट सांगताना ते छान वाटतं. एसओपीत ते घातक ठरतं.

लेझर प्रिंटरची टोनर कार्ट्रिज बदलण्याची ही एक पायरी पाहा:

"३. प्रिंटर बंद करून, पुढचं झाकण उघडून, जुनी कार्ट्रिज काढून, नवी कार्ट्रिज हलवून, पट्टी ओढून ती आत बसवा."

वाक्य शुद्ध आहे आणि वाचायला सोपंही. पण यात सहा कामं आहेत आणि क्रमांक एक. माणूस वाक्य वाचतो, कागद खाली ठेवतो आणि काम करतो. मधल्या दोन गोष्टी निसटायचीच शक्यता जास्त, कारण पहिलं आणि शेवटचं लक्षात राहतं. पट्टी ओढायची राहिली की टोनर बाहेर येत नाही, कोरी पानं छापली जातात, आणि तो प्रिंटरच बिघडला असं समजतो. शिवाय "ती आत बसवा" मधली "ती" म्हणजे पट्टी की कार्ट्रिज?

तोडल्यावर:

३. प्रिंटर बंद करा.
४. पुढचं झाकण उघडा.
५. जुनी कार्ट्रिज सरळ बाहेर ओढा.
६. नवी कार्ट्रिज आडवी धरून हलक्या हाताने पाच-सहा वेळा डावी-उजवीकडे हलवा.
७. कार्ट्रिजच्या बाजूची पट्टी पूर्ण बाहेर ओढा.
८. कार्ट्रिज "खट्" आवाज येईपर्यंत आत सरकवा.

लांबी फारशी वाढली नाही, पण आता "सातवी केलीत का?" असं विचारता येतं.

नियम सोपा आहे. क्रियापद आज्ञार्थी आणि एकच: उघडा, दाबा, ओढा. "करावे" लिहिलं की तो सल्ला वाटतो. "केले जाते" लिहिलं की ते कोण करतं हेच कळत नाही. विमानांच्या देखभालीच्या लेखनातून पुढे आलेल्या सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश या नियमावलीत एका वाक्यात एकच सूचना द्यायला सांगितलंय. दोन कृती एकाच वेळी करायच्या असतील तेवढाच अपवाद. सूचनेच्या वाक्याला मर्यादा २० शब्दांची आहे. ते नियम इंग्रजीसाठी आहेत, पण मराठीत आज्ञार्थी वाक्य १२-१५ शब्दांच्या पुढे गेलं की त्यात बहुतेक वेळा दुसरी पायरी लपलेली असते, असा माझा अनुभव आहे.

उलट चूकही होते. "माउस मेनूवर न्या", "क्लिक करा", "मेनू उघडेल", "पर्याय शोधा", "त्यावर क्लिक करा" असे पाच क्रमांक कशाला? एकाच जागी, एका दमात होणाऱ्या आणि मधे काही तपासायचं नसलेल्या हालचाली एका पायरीत राहू द्या: "फाइल मेनूतून 'सेव्ह' निवडा." तोडायची जागा ओळखायची खूण ही की, मधे माणूस चुकू शकतो का, किंवा मधे त्याने काही पाहायला हवं का? तसं असेल तर तोडा.

टप्पा ५: अट आणि इशारा आधी, परिणाम नंतर

वाचणारा पुढचं वाक्य वाचून मग मागची पायरी करत नाही. जसं दिसेल तसं करतो. म्हणून प्रत्येक पायरीत हा क्रम ठेवा: कुठे किंवा कोणत्या अटीवर, मग कृती, मग काय दिसेल.

"लाल बटण दाबा, पण त्याआधी मुख्य पुरवठा बंद करा" यातला "पण" येईपर्यंत बटण दाबलं गेलेलं असतं. "त्याआधी", "तत्पूर्वी", "मात्र" हे शब्द पायरीच्या उत्तरार्धात दिसले की समजा, दोन पायऱ्यांचा क्रम उलटा झालाय. सर्चमध्ये हे तीन शब्द टाकून सगळी एसओपी एकदा चाळा. पाच मिनिटं लागतात.

अटही तशीच. "पुन्हा सुरू करा, जर दिवा लाल असेल तर" असं लिहू नका. "दिवा लाल असेल, तर यंत्र पुन्हा सुरू करा" असं लिहा.

इशारा ज्या पायरीचा आहे तिच्या लगेच वर, क्रमांकाविना आणि वेगळ्या चौकटीत द्या. त्यात धोका काय, काय झालं तर तो होईल आणि तो कसा टाळायचा हे तिन्ही यायला हवं. सगळे इशारे पहिल्या पानावर गोळा केले तर सोळाव्या पायरीपर्यंत ते कुणाच्याच लक्षात राहत नाहीत.

परिणाम पायरीखाली, क्रमांकाविना: "स्क्रीनवर 'तयार' असं दिसेल." प्रत्येक पायरीला परिणाम लिहिलाच पाहिजे असं नाही. जिथे चूक झाल्याचं उशिरा कळतं तिथे मात्र लिहाच.

टप्पा ६: लांब यादी तोडा, उपपायऱ्या जपून वापरा

क्रमांक दहाच्या पुढे जायला लागले की कामात नैसर्गिक थांबा कुठे येतो ते शोधा: एक भाग पूर्ण होऊन काही तपासता येतं अशी जागा. तिथे उपमथळा द्या. उपमथळ्यानंतर क्रमांक परत १ पासून सुरू करायचा की पुढे चालू ठेवायचा? फोनवर किंवा नोंदवहीत क्रमांक वापरला जाणार असेल तर चालूच ठेवा. एका एसओपीत "पायरी ३" चार ठिकाणी असेल तर ती सांगून उपयोग नाही.

उपपायऱ्या एकाच पातळीपर्यंत. ३.२.१.४ असं लिहायची वेळ आली तर ते वेगळं काम आहे, त्याची वेगळी एसओपी करा.

उपपायऱ्यांना अक्षरं देताना आपल्याकडे एक खास खड्डा आहे. काही जण अ, ब, क, ड लिहितात, काही अ, आ, इ, ई, तर काही क, ख, ग, घ. पहिल्या पद्धतीत "क" तिसरा येतो आणि शेवटच्या पद्धतीत पहिला. एकाच फाइलवर दोघांनी काम केलं की "पायरी ५ क" कुठली हे दोघे दोन प्रकारे सांगतात. एक पद्धत निवडा आणि सगळीकडे तीच ठेवा.

टप्पा ७: फाटे आणि उल्लेख सांभाळा

"दिवा लाल असेल तर पायरी ९ वर जा, पिवळा असेल तर पायरी ४ पुन्हा करा" अशा एक-दोन उड्या चालतात. त्याहून जास्त झाल्या तर यादी हे रूपच चुकलंय. लक्षण, कारण, उपाय अशा तीन रकान्यांचा तक्ता करा, किंवा प्रत्येक शक्यतेची छोटी स्वतंत्र यादी द्या. बिघाड शोधण्याच्या कामाला सरळ क्रमांक सहसा बसत नाहीत.

उल्लेखांबाबत मी एकदा चांगलाच अडकलोय. बॅकअपमधून डेटाबेस परत आणायची एसओपी मी लिहिली होती. शेवटच्या भागात "एरर आल्यास पायरी ५ पुन्हा करा" असं होतं, आणि पायरी ५ म्हणजे जोडणी तपासणं. काही महिन्यांनी एका सहकाऱ्याने सुरुवातीलाच एक रास्त पायरी घातली. सगळे क्रमांक एकाने सरकले, पण वाक्यातला हाताने टाइप केलेला "५" तसाच राहिला. आता पायरी ५ होती "टेस्ट डेटाबेस रिकामा करा". पुढच्या माणसाने एरर आल्यावर लिहिल्याप्रमाणे ते केलं, आणि चार तासांचं काम पुसलं गेलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळतो. उल्लेख करताना क्रमांकासोबत कामही लिहितो: "पायरी ६ (जोडणी तपासा) पुन्हा करा." म्हणजे क्रमांक चुकला तरी विसंगती डोळ्यांत भरते. आणि क्रमांक कधीच हाताने टाइप करत नाही.

वर्डमध्ये आपोआप क्रमांक देणारी यादी वापरा आणि उल्लेखासाठी क्रॉस-रेफरन्स घाला. पायऱ्या बदलल्या की हे उल्लेख लगेच बदलत नाहीत. सगळा मजकूर सिलेक्ट करून एफ९ दाबावं लागतं. मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात खुणा टाकून मांडणी करायच्या पद्धतीत) साधारणपणे यादीचा पहिला क्रमांक पाळला जातो आणि पुढचे आपोआप मोजले जातात. पण मधे चित्र किंवा कोडचा तुकडा योग्य तेवढा आत न सरकवता टाकला की यादी तुटते, आणि सगळीकडे "१" लिहायची सवय असेल तर पुढची पायरी पुन्हा १ होते. वेबपानावर खरी क्रमांकित यादी असेल तर दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर यादीत किती पायऱ्या आहेत हे सांगू शकतो. हाताने टाइप केलेल्या आकड्यांतून त्याला हे कळत नाही.

इशारा: पायऱ्यांचे क्रमांक देवनागरी ठेवा किंवा इंग्रजी, पण मिसळू नका. देवनागरी ४ घाईत इंग्रजी आठसारखा दिसतो, आणि बारीक छपाईत १ आणि ९ एकमेकांत मिसळतात. कामात टाइप करायची किंमत, म्हणजे पोर्ट, दाब किंवा मिनिटं, यंत्रावर ज्या लिपीत दिसते त्याच लिपीत लिहा.

टप्पा ८: दुसऱ्याकडून करून घ्या, गप्प बसून पाहा

हे काम कधीच न केलेल्या पण एसओपी ज्याच्यासाठी आहे अशा एकाला कागद द्या. शेजारी बसा आणि बोलू नका. तुम्ही तोंड उघडून जे सांगाल ते सगळं कागदावर नसलेलं असतं, म्हणून ते वाक्य बोलण्याऐवजी लिहून घ्या.

तो काय करतो यावर लक्ष ठेवा. एका पायरीवर दोनदा कागदाकडे वळला, तर तिच्यात दोन कामं आहेत. पायरी करून "आता?" असं म्हणत स्क्रीनकडे पाहत राहिला, तर परिणाम लिहायचा राहिलाय. पुढची पायरी वाचून मागे गेला, तर क्रम उलटा आहे. यादीत बोट ठेवून ओळ शोधायला लागला, तर यादी लांब झालीय किंवा क्रमांक मजकुरात बुडालेत.

मधेच त्याला पाच मिनिटं दुसऱ्या कामाला लावा आणि परत आणा. त्याने लगेच नेमका क्रमांक पकडला, तर यादी वापरण्याजोगी झाली. "मी कुठे होतो?" असं विचारलं, तर टप्पा ४ आणि ६ पुन्हा करा, आणि दुरुस्त केलेला कागद घेऊन नव्या माणसाकडे जा. पहिल्याला आता काम येतं, त्याच्याकडून पुढच्या चुका सापडणार नाहीत.